कमी चाललेली गाडी

वैष्णवीनं हैदराबादेत बसून मोबाइलवर जाहिरात टाकली आणि लगेच तिप्पण्णाला फोन करून वाचून दाखवली. ‘सत्तर सालची उघडी हेराल्ड. दुधी रंग. दिवे, काचा, चाकांवरच्या टोप्या सगळं मूळचं. चाललेली फक्त एकोणीस हजार किलोमीटर. एकाच माणसानं पस्तीस वर्षं पोटच्या लेकरासारखी जपलेली.’

“शेवटची ओळ तुमच्यासाठी हां, मामा,” ती म्हणाली.

“ती कशाला घातलीस? काढून टाक की.”

तिला वाटलं, मामा लाजले. लाजलाच होता तो, पण तिला वाटलं त्या कारणानं नव्हे. फोन ठेवून तो गॅरेजमध्ये गेला आणि गाडीवरची चादर नीट होती तरी पुन्हा नीट करत बसला. कुठं तोंड लपवावं हे कळेनासं झालं की तो हेच करायचा, आणि गेली तीन वर्षं त्याला हे वरचेवर करावं लागत होतं.

तिप्पण्णा मूळचा अक्कलकोटकडचा, वागदरीचा. एकोणिसाव्या वर्षी सोलापुरात आला आणि मल्लेशम मालकांच्या चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर लागला. चादरी विणण्यात त्याचं मन कधीच नव्हतं. मागाची मोटर बंद पडली की मात्र गडी खुशीत यायचा. नऊ वर्षं अशी काढल्यावर एका दुपारी मालकांनी त्याला आपल्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसलेला पाहिला. दुसरा मालक असता तर कान धरून बाहेर काढला असता. मल्लेशम मालक शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “काय कळलं का त्यातलं?” तो म्हणाला, “थोडं थोडं.” दुसऱ्या दिवसापासून तो ड्रायव्हर झाला.

ड्रायव्हर दोन गाड्यांचा. एक अँबेसिडर, कामाची. आणि दुसरी ही हेराल्ड, हौसेची. मालकांना वाऱ्याचं वेड होतं. दिवसभर मागांच्या खडखडाटात आणि कापसाच्या धुरळ्यात काढलेला माणूस, रविवारी गाडीचा कापडी टप खाली टाकायचा, मागच्या सीटवर बायकोच्या, अम्मांच्या शेजारी बसायचा आणि म्हणायचा, “चल, हिप्परग्याला.” तलावावर जायचं, पाण्याकडं बघत भजी खायची आणि परत यायचं. हुरड्याच्या दिवसांत लेकीला, वैष्णवीला घेऊन कुणाच्या तरी शेतावर. मालक डोक्यावरचे केस उडू द्यायचे, परत बसवायचे नाहीत. वाऱ्याला ते तेलुगूत गाली म्हणायचे. “आज गाली चांगला हाय, तिप्पण्णा,” असं म्हणायचे, आणि तिप्पण्णाही म्हणायचा, “व्हय मालक, लई चांगला हाय.” त्या दिवसांत गाडीवर धूळ बसायची, ओरखडे यायचे, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते ढाल मिळाल्यावर. जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन भरलं होतं. मालकांनीच हौसेनं नाव घातलं. हेराल्डला दुसरा नंबर मिळाला, पितळी ढाल मिळाली, पेपरात गाडीशेजारी उभ्या तिप्पण्णाचा फोटो आला. सात रस्त्याच्या चौकातल्या गॅरेजवाल्यांनी त्याला बोलावून चहा पाजला. मागावर नऊ वर्षं ज्याला कुणी नावानं हाक मारली नव्हती तो एका दिवसात ‘हेराल्डवाले तिप्पण्णा’ झाला. आणि परीक्षकानं जाता जाता त्याला सांगितलं होतं, “बॉनेटवर खडीचा टवका उडालाय, नाहीतर पहिला होता तुमचा.”

तो टवका त्याच्या काळजातच उडाला. त्यानं तीन दिवस खपून तो बुजवला. चौथ्या दिवशी रविवार होता. मालक बाहेर आले, टप खाली करायला सांगितला. तुळजापूर रस्ता तेव्हा रुंद करायला उकरून ठेवलेला, नुसती खडी. तिप्पण्णानं बॉनेटकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “मालक, ब्रेक धरत न्हाय.”

मालकांनी क्षणाचाही विचार न करता विश्वास ठेवला. तिथंच घात झाला. थोडी उलटतपासणी केली असती, एक शिवी हासडली असती, तर तिप्पण्णा कबूल करून मोकळा झाला असता. मालक म्हणाले, “बरं, अँबेसिडर काढ,” आणि बंद काचांआड बसून तलावावर गेले.

पुढच्या वर्षी पहिला नंबर आला. मग तिप्पण्णाला धरबंधच राहिला नाही. रोज सकाळी सातला तो हेराल्ड सुरू करायचा, अंगणात दहा फूट पुढं आणि दहा फूट मागं घ्यायचा. इंजिनाचा आवाज अम्मांना स्वयंपाकघरात ऐकू जायचा, त्यामुळं इंजिन बिघडलं म्हणायची सोय नव्हती. म्हणून त्यानं कानाला न कळणारे आजार निवडले. ब्रेक धरत नाही, स्टेअरिंग डावीकडं ओढतंय, पुन्हा ब्रेक. प्रदर्शनाच्या दिवशी तोच ब्रेक इमानदारीत धरायचा आणि ढाल घेऊन घरी आला की परत सोडायचा. मालक कौतुकानं म्हणायचे, “एका दिवसापुरती का होईना, तू उभी करतोस बघ.” खंडेनवमीला हार घालतानासुद्धा तिप्पण्णा दोऱ्यानं बांधायचा, चिकटपट्टी लावू द्यायचा नाही. एरवी गाडी कारखान्यातल्या मोराच्या चादरीखाली झाकलेली असायची. मालकांच्या मागावर विणलेल्या चादरी मालकांच्याच वाऱ्याच्या आड आल्या, पण हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. तिप्पण्णालाही नाही.

एरवी माणूस खोटा नव्हता हो. पेट्रोलचा एक थेंब इकडचा तिकडं केला नाही, मालकांचं पाकीट सीटखाली सापडलं तर न उघडता आणून दिलं. खोटं बोलायचा ते एवढ्या एकाच गोष्टीत. आणि तेही गाडीच्या भल्यासाठीच बोलतोय, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती. अठरा वर्षं ही समजूत पुरली.

मग मालकांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मराठी पार विसरल्यासारखं झालं, तेलुगूतले दहाबारा शब्द तेवढे उरले. एक दिवस संक्रांतीनंतर खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी खिडकीतून गॅरेजकडं डावा हात केला आणि म्हणाले, “गाली.” अम्मांना कळलं. तिप्पण्णालाही कळलं. हिप्परग्याला, टप खाली टाकून, एकदा.

अम्मा बाहेर आल्या. “तिप्पण्णा, आज बाहेर काढ की रे ती. लई मनात हाय त्यांच्या.”

त्याच आठवड्यात तिप्पण्णानं मागच्या सीटला नवं कातडी कव्हर शिवून घेतलं होतं. जुन्या रंगाशी रंग जुळवायला चार महिने लागले होते. मार्चात पुण्याला मोठं प्रदर्शन होतं. आणि मालकांचा लघवीवरचा ताबा गेलेला होता. हे तिप्पण्णाला पक्कं ठाऊक होतं, कारण अँबेसिडरनंतर घेतलेल्या गाडीची सीट दवाखान्यातून आल्यावर तोच धुवायचा. त्यानं एकदा त्या नव्या सीटकडं बघितलं.

“अम्मा, ब्रेक धरत न्हाय,” तो म्हणाला. “आजारी माणसाला घेऊन रिस्क नको.”

मालकांना सांगायला तो स्वतः आत गेला. मालकांनी ऐकलं. मग डाव्या हातानं त्याचा हात थोपटला, दोनदा. अकराव्या दिवशी मालक गेले.

त्या दिवसापासून तिप्पण्णाची समजूत पुरेनाशी झाली. पुण्याच्या प्रदर्शनाला त्यानं गाडी नेली नाही. लोकांना वाटलं, मालकाच्या दुःखानं. ढाली पुसायचं त्यानं सोडून दिलं. कुणी गाडीचं कौतुक केलं की त्याच्या कानशिलांना चटका बसायचा आणि तो दुसरंच काहीतरी बोलायला लागायचा. अम्मांशी बोलताना त्याची नजर त्यांच्या पायांवरून वर येत नसे. त्या म्हणायच्या, किती मर्यादशील माणूस आहे.

आता अम्मा लेकीकडं हैदराबादला राहायला निघाल्या होत्या. घर भाड्यानं जाणार होतं आणि गाडी विकायची होती. त्यांची अट एकच. “घेणाऱ्यानं ती चालवली पायजे. ह्यांचं जे राहिलं ते कुणाचं तरी होऊ दे.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मोडनिंबचा पृथ्वीराज आला. हायवेवर त्याचं हॉटेल होतं. चाळिशीतला, धिप्पाड, बोलायला मोकळा. त्यानं चादर काढलेली गाडी आधी लांबूनच डोळे भरून बघितली. मग गाडीभोवती फिरला, खाली वाकून बघितलं, मीटर बघितला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला. अंगणातून गल्लीत एक फेरी मारून आला.

“काका, मशीन तर घड्याळासारखं चाललंय,” तो तिप्पण्णाला म्हणाला. “मग चालवली का न्हाई एवढी वर्षं?”

तिप्पण्णा काही बोलायच्या आत व्हरांड्यातून अम्मा म्हणाल्या, “खरं सांगते बाबा, फसवून विकायची न्हाय मला. ब्रेकचा काहीतरी दोष हाय तिच्यात. आज धरतो, उद्या न्हाय. अठरा वर्षं ह्यानं जंग जंग पछाडलं, सापडला न्हाय.”

पृथ्वीराजचा चेहरा पडला. त्यानं गाडीवरचा हात काढून घेतला. “अम्मा, तुमी सांगितलंत हे लई बरं केलं. पोरंबाळं बसवायची मला हिच्यात. ह्यांच्यासारख्या माणसाला जे सापडलं न्हाई ते मोडनिंबात कुणाला सापडणार?” थोडा वेळ तो दाढी खाजवत उभा राहिला. “तरी घेतो मी. पण मग चालवायची न्हाई. इंजिन काढून टाकतो आणि हॉटेलपुढं चौथरा बांधून वर ठेवतो. लोकं बसून फोटो काढतील. पायलची, माझ्या बायकोची, लई दिवसाची आयडिया हाय ती.”

अम्मांनी गाडीकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “बसतील तरी लोकं. तेवढं तर तेवढं. तिप्पण्णा, वाईट वाटून घेऊ नको. तू काय कमी केलंस का?” आणि पृथ्वीराजकडं वळून सांगू लागल्या, “जायच्या आदल्या दिवशी ह्यांना धड बोलता येत नव्हतं. तरी तेलुगूत अडखळत, हातवारे करत मला सांगितलं, तिप्पण्णाला बोलू नको, त्याला वाईट वाटेल. शेवटचं बोलणं ते.”

हे तिप्पण्णाला माहीत नव्हतं. तीन वर्षांत अम्मांनी त्याला हे सांगितलं नव्हतं, त्याला आणखी वाईट वाटेल म्हणून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण सोलापूरची जमीन टणक, ती काही दुभंगली नाही. समोर गाडी उभी होती आणि तिचं इंजिन निघणार होतं. गप्प बसला तर गाडी चौथऱ्यावर जाणार आणि अम्मांची एकुलती एक अट जाणार. बोलला तर आपण जाणार.

आणि बघा माणूस किती चिवट असतो. त्यानं आधी तिसरी वाट काढायचा प्रयत्न केला.

“ब्रेक दुरुस्त झालाय,” तो म्हणाला. “मागल्या वर्षी सापडला दोष.”

“काय होता काका?” पृथ्वीराजनं उत्सुकतेनं विचारलं.

“मास्टर सिलिंडरमदी... एक रबराचा वायसर. फुगायचा तो.”

“वायसर?” अम्मा म्हणाल्या. “एका वायसरपायी अठरा वर्षं?” त्यांच्या आवाजात संशय नव्हता, नुसती हळहळ होती. “मागल्या वर्षी सापडला आणि मला बोलला न्हाईस व्हय रे?”

त्या हळहळीनं तो मोडला. तो अंगणातच खाली उकिडवा बसला आणि फरशीकडं बघत बोलू लागला.

“अम्मा, वायसर बियसर काय न्हाय. ब्रेकला कधीच काय झालं नव्हतं. पहिल्या दिवसापासून न्हाय. मी खोटं बोलत होतो.”

“कशासाठी?”

“गाडी खराब होईल म्हणून. ढालीसाठी.”

अम्मांना ते समजायला वेळ लागला. पृथ्वीराज दुसरीकडं बघू लागला. बाजूच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं.

“आणि त्या दिवशी?” त्यांनी विचारलं. “संक्रांतीनंतर? त्या दिवशी तर ढाल नव्हती.”

हा प्रश्न येणार हे त्याला तीन वर्षं माहीत होतं. ह्यालाही त्यानं एक उत्तर तयार करून ठेवलं होतं, थंडीचं. मालकांना वारा बाधला असता, असं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं. मग त्याला हातावरची ती दोन थोपटणी आठवली आणि उत्तर गिळलं गेलं.

“शीट नवी होती, अम्मा,” तो म्हणाला. “मालकांचं कपड्यात व्हायचं. मला वाटलं, शीट ओली होईल.”

हे तो ह्याआधी स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलला नव्हता. बायकोला, महानंदाला सांगितलं नव्हतं. सिद्धरामेश्वराच्या पायरीवर डोकं टेकतानाही हे तेवढं मागं ठेवून टेकलं होतं. आता बोलून झालं, आणि लोक म्हणतात तसं मन हलकं वगैरे काही झालं नाही. उलट आता ते तिघांना ठाऊक झालं.

अम्मा रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. उठून आत गेल्या. तिप्पण्णाला वाटलं, झालं, आता चावी देऊन चालू लागावं. पण त्या चप्पल घालून, पदर खोचून परत आल्या.

“पृथ्वीराज, ऐकलंस न्हवं? गाडी चांगली हाय. कधीच बिघडली नव्हती.”

“ऐकलं, अम्मा. इंजिनाला हात लावत न्हाई आता. चालवतो.”

“मग आत्ता चालव. हिप्परग्यापर्यंत. मी पुढं बसते तुझ्याशेजारी.”

तिप्पण्णा सवयीनं उठला आणि टप खाली करू लागला. बटणं सुटली, कापड घडी होऊन मागं बसलं. तो बाजूला झाला तेव्हा अम्मा म्हणाल्या, “मागं बस.”

“मी?”

“ती मागल्या शीटवर अंथरलेली चादर काढ. आणि तितं बस.”

पस्तीस वर्षांत तो त्या सीटवर एकदाही बसला नव्हता. झाडायला गुडघा टेकला असेल तेवढाच. “अम्मा, तितं नको,” तो म्हणाला. “मी हितंच थांबतो. न्हायतर मागून रिक्षानं येतो.” अम्मा पुढचं दार उघडून बसल्या आणि समोर बघत राहिल्या. त्यानं चादर काढली. चपला काढून हातात घेतल्या, कारण त्या कुठं ठेवायच्या ते त्याला कळेना. आणि मालक बसत त्या कोपऱ्याच्या विरुद्ध बाजूला, अंग चोरून, काठावर बसला.

बंद गाडीत माणसाला मान खाली घालता येते, काच वर करता येते. उघड्या गाडीत काय करणार? रविवारची सकाळ, सात रस्ता गजबजलेला. सिग्नलला गाडी थांबली आणि चारी बाजूंनी लोक बघू लागले. सोलापुरात टप टाकलेली हेराल्ड कुणी गेल्या वीस-एकवीस वर्षांत रस्त्यावर पाहिली नव्हती. मोटारसायकलवाल्यांनी मोबाइल काढले. चहाच्या गाड्यावर गॅरेजवाला विरेश उभा होता, जुना ओळखीचा.

“ओ तिप्पण्णा!” त्यानं तिथूनच हाक मारली. “आज मालक झालाव व्हय?”

आसपासचे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, कौतुकच होतं. विरेश शेजारच्याला सांगू लागला, “हेच ते हेराल्डवाले. एवढी जपली म्हणून आज अशी दिसती बघ.” तिप्पण्णाला वाटलं, उठून सांगावं. पण सिग्नल मोठा होता तरी एवढं सगळं सांगण्याइतका मोठा नव्हता. त्याचा चेहरा पार उतरला, आणि तो त्या चपला मांडीवर घट्ट धरून सगळ्यांना दिसत बसून राहिला. पुढं अम्मांनी मान वळवली नाही.

तुळजापूर रस्त्याला लागल्यावर पृथ्वीराजनं वेग धरला आणि वारा आला. अम्मांच्या पांढऱ्या केसांच्या बटा सुटून मागं उडू लागल्या. त्यांनी त्या बसवल्या नाहीत. एका टेम्पोनं धूळ उडवली, ती दुधी सीटवर बसली. तिप्पण्णाचा हात खिशातल्या फडक्याकडं गेला आणि तिथंच थांबला. रस्ता आता गुळगुळीत होता. खडी केव्हाच गेली होती, तो उकरलेला रस्ता सहा महिन्यांत पूर्ण झाला होता, आणि पुढची सगळी वर्षं ह्या रस्त्यानं तुळजापूरच्या बसपासून उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत सगळे गेले होते.

तलाव आला. पृथ्वीराजनं गाडी पाण्याच्या दिशेनं तोंड करून उभी केली आणि इंजिन बंद केलं. पाण्यावर थोडे पक्षी होते. कुणीच खाली उतरलं नाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून पृथ्वीराजनं मघाशी काढलेला मीटरचा फोटो मोबाइलवर उघडला आणि मीटरशी ताडून बघितला. “मीटरपण बरोबर चालतोय,” तो म्हणाला. “घरापासून हितवर नऊ किलोमीटर भरले.”

“किती?” अम्मा म्हणाल्या.

“नऊ.”

अम्मांनी वाकून मीटरकडं स्वतः बघितलं. मग पहिल्यांदाच मागं वळून तिप्पण्णाकडं बघितलं. रागानं नव्हे. एखादा हिशेब कितीदा केला तरी जुळू नये, तसं.

“नऊच की रे, तिप्पण्णा,” त्या म्हणाल्या.